कार्डाला नावं ठेवा

१

रविवारी सकाळी स्नेहल बोरस्ते मिसळीवर तर्री ओतत असताना तिच्या मोबाइलवर तिचं व्हिजिटिंग कार्ड आलं. पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीनं, तेजलनं, ते बनवून पाठवलं होतं. स्नेहलनं हात धुतले, पदराला पुसले, चष्मा लावला आणि फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. सायीच्या रंगाचं कार्ड. कडेला पैठणीच्या काठासारखी एक बारीक जांभळी पट्टी. वर ठसठशीत अक्षरांत ‘स्नेहल सोमनाथ बोरस्ते’. त्याखाली भरपूर मोकळी जागा, आणि तळाशी ‘पैठणी रफू व दुरूस्ती’, फोन नंबर, पाथर्डी फाट्याजवळचा पत्ता. बस्स.

पन्नाशीला आलेल्या बाईच्या नावाचं पहिलं कार्ड निघतं तेव्हा तिला काय वाटतं, हे ज्यांच्या पाकिटात पंचविशीतच कार्डं आली त्यांना कळायचं नाही. इतकी वर्षं तिची ओळख ‘बोरस्ते सरांच्या मिसेस, त्या रफू छान करतात’ अशी होती. त्याचं तिला दुःखही नव्हतं. पण आता नाव आधी आलं होतं आणि रफू नंतर. ती फोटोकडे पाहून एकटीच हसली.

तेजलनं खाली लिहिलं होतं, ‘मम्मी, फीडबॅक दे. सगळ्यांना दाखव, त्यांचाही घे. मग फायनल करू.’

आता फीडबॅकला आपल्याकडे पूर्वीपासून एक चांगला शब्द आहे. स्नेहलनं सोसायटीच्या महिला मंडळाला, गिऱ्हाइकांना, मावस-चुलत बहिणींना, सगळ्यांना फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘हे माझं कार्ड. छापायच्या आधी मनसोक्त नावं ठेवा!’

सोमनाथ सरांनी ते वाचलं आणि पावाचा तुकडा तसाच हातात धरून हसत सुटले. “अगं, नावं ठेवायला लोकांना आमंत्रण लागतं होय? त्या कामाला ते न बोलावता येतात.”

“येऊ देत. एकदाच काय ती ठेवून घेते,” स्नेहल म्हणाली.

२

लोक आले आणि त्यांनी नावं ठेवली. एकीला गणपती हवा होता, एकीला मोर. एकीनं विचारलं, एवढी जागा रिकामी ठेवायला कागद फुकट मिळाला काय. एका चुलत जावेनं नुसताच अंगठा पाठवला, आणि तो खाली केलेला होता. स्नेहलनं त्या सगळ्यांना हात जोडल्याची चित्रं पाठवून दिली.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरची चैताली आली. चैताली मेंदीच्या ऑर्डरी घ्यायची, तिची स्वतःची तीन प्रकारची कार्डं होती, त्यामुळे या विषयात तिचा शब्द वजनदार. तिनं फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

“झकास आहे गं. एकदम क्लासी. वरचं नाव मस्त उठून दिसतं. फक्त खालचं फार फिकं झालंय. वाचताना डोळ्यांवर ताण येतो.”

“खालचं म्हणजे पत्ता?”

“पत्ता कशाला? नाव. हे काय.” आणि चैतालीनं मेंदीनं रंगलेलं नख बरोबर मधल्या मोकळ्या जागेवर ठेवलं.

स्नेहलनं पाहिलं. तिथं काही नव्हतं. काचेवर डाग पडला असेल म्हणून तिनं पदरानं फोन पुसला. तेवढ्यात वरून चैतालीच्या कुकरची शिट्टी झाली आणि ती “थोडं गडद करायला सांग तेजलला,” म्हणत पळाली.

एवढ्यातेवढ्यानं कोण घाबरतं? स्नेहल तर नाहीच. पण रात्रीची भाजी चिरत असताना गंगापूर रोडच्या हर्षाली मॅडमचा मेसेज आला. त्यांच्या आईच्या पैठण्या स्नेहलकडेच येत. ‘कार्ड सुरेख! पार्टनर घेतलीत वाटतं? दोन नावं पाहून आनंद झाला.’

कांद्यानं डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून तिनं डोळे पुसले आणि पुन्हा कार्ड उघडलं. एकच नाव होतं. तिचं.

३

सोमनाथ सरांनी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं होतं. मोबाइलवरच्या अक्षराला लाल पेन लागत नाही म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून कार्डाचा मोठा कागद काढून आणला आणि जेवणाच्या टेबलावर तपासायला बसले. तपासून झाल्यावर त्यांनी तो विद्यार्थ्याला द्यावा तसा तिच्यापुढं सरकवला.

‘दुरूस्ती’तला रू ऱ्हस्व केला होता. फोन नंबरच्या मध्ये जागा सोडायला सांगितलं होतं. आणि मधल्या कोऱ्या जागेत, कशाच्याच शेजारी, एक लाल बरोबरची खूण होती.

“हे कशाला?” स्नेहलनं विचारलं.

“नावाला.” सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज एरवीपेक्षा मऊ होता. “मला आधी वाटलं, गमतीनं टाकलंस. मग वाटलं, का नको? इतकी वर्षं झाली, मी तुला कधी विचारलंसुद्धा नाही. चांगलं नाव होतं तुझं.”

“कुठलं नाव?”

सर जरा लाजले. “लंका,” ते म्हणाले.

या घरात हा शब्द कधी कुणी उच्चारलाच नव्हता. लग्नात तांदळानं भरलेलं ताट पुढं आलं, सोमनाथनं अंगठीनं त्यात ‘स्नेहल’ असं लिहिलं, सगळ्या बायका वाकून वाकून वाचायला लागल्या, आणि निफाडकडच्या खंडेराव गाजऱ्यांची लंका तिथंच संपली. बायकांना माहेरचं नाव गेल्याचं दुःख होतं म्हणतात. होत असेल. हिला झालं नाही. शाळेत ती अडखळून पडली तरी पोरं ओरडायची, “लंका पेटली!” ताप आला तरी तेच. तांदळातलं ते नवं नाव पाहिलं आणि तिला वाटलं, हे आपलं. जुनं नाव तिनं शनीच्या देवळाबाहेर जुनी चप्पल सोडावी तसं सोडलं आणि मागं वळून पाहिलं नाही. सासूबाई, गोजराबाई, फार प्रेमळ होत्या. त्यांनी एकच गोष्ट बदलायला लावली. स्नेहल डावरी होती. “पोरी, डाव्या हातानं वाढू नको, लोक नावं ठेवतील,” एवढंच त्या म्हणाल्या. वाढता वाढता उजव्या हाताची सवय झाली, मग सुईही उजव्या हातात आली. स्नेहल म्हणजे उजव्या हाताची बाई. सुखी बाई.

“अहो, मला तिथं काही दिसत नाही,” ती म्हणाली.

“फिकं आहे जरा,” सर म्हणाले, “पण आहे.”

४

तिनं स्वतःशी नीट विचार केला. ती रफू करणारी बाई. रफूचं सगळं कसब हेच, की भोक कुठं होतं ते फक्त करणारीला दिसावं, बाकी कुणाला नाही. इथं उलटं झालं होतं. बाकी सगळ्यांना दिसत होतं आणि तिला नाही. म्हणजे डोळ्यांत दोष. सरळ हिशेब.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सिडकोतल्या दवाखान्यात तिला यंत्रासमोर बसवलं, बारीक अक्षरांचा तक्ता वाचून घेतला. शेवटची ओळ तिनं घडाघडा वाचली. “काकू, तुमच्या वयाला हे डोळे म्हणजे लॉटरी आहे,” डॉक्टर म्हणाले. मग तिनं पर्समधून तो कागद काढून विचारलं, “इथं मध्ये काय लिहिलंय?” डॉक्टरांनी सहज पाहिलं. “लंका. का हो?”

रिक्षात बसल्या बसल्या तिनं तेजलला फोन लावला.

“मम्मी, तूच सांगितलंस ना टाकायला?” तेजल म्हणाली. मागं ऑफिसचा गलबला होता. “शुक्रवारी फोन केलास. म्हणालीस, खाली बारीक अक्षरात लंका टाक. मी विचारलं, लंका कोण? तर नुसती हसलीस.”

“मी फोन केला नाही गं.”

“तुझाच नंबर होता. तुझाच आवाज. जरा गावाकडचं बोलत होतीस, लाडात आलीस की बोलतेस तसं.” तेजल हसली. “फीडबॅक घेतला की असंच होतं, माणूस कन्फ्यूज होतो. सगळ्यांचं ऐकू नकोस. मला तर ते नाव लय आवडलं.”

तेजल कधी ‘लय’ म्हणत नसे. स्नेहलनं फोन पर्समध्ये टाकला. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लग्नाचा वाढदिवस! पुढच्याच महिन्यात होता. बापलेकीनं मिळून काहीतरी घाट घातला होता, चैतालीला आणि हर्षाली मॅडमना सामील करून घेतलं होतं. सरांना असल्या गमती सुचायच्याच. आणि डॉक्टर? डॉक्टर सरांचा विद्यार्थी निघाला असेल. नाशकात दर दुसरा माणूस सरांचा विद्यार्थी निघतो. तिला इतकं हायसं वाटलं की तिनं रिक्षा थांबवून द्राक्षं घेतली.

५

सरांनी तिला न विचारताच कार्डं छापून आणली. रविवार कारंजाजवळच्या गल्लीत महेशचा छापखाना होता, तिथून खोकं काखेत मारून आले आणि पेढ्यांसह टेबलावर ठेवलं. पहिलं कार्ड देवापुढं ठेवलं, हळदीकुंकू लावलं. तिनं एक उचलून खिडकीशी नेलं, उजेडात तिरपं धरलं, मधल्या जागेवरून बोट फिरवलं. कागद गुळगुळीत होता. वर तिचं नाव मात्र काय सुंदर दिसत होतं!

वाढदिवस आला. सरांनी तिला नवं घड्याळ दिलं, तेजल पुण्याहून येऊन गेली, सगळ्यांनी बाहेर जेवण केलं. कार्डाचं गुपित काही कुणी फोडलं नाही. स्नेहल घास घेताना एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग आइस्क्रीम आलं.

काम मात्र धो धो आलं. लग्नसराई तोंडावर होती. आईची पैठणी लेकीला नेसवायची हौस सगळीकडे वाढली होती, आणि आईच्या पैठणीला कुठं ना कुठं कसर लागलेलीच असते. फोन वाजायचे. “लंकाताई आहेत का?” पहिल्यांदा ती “राँग नंबर” म्हणाली. पण सर फोन उचलायचे तेव्हा म्हणायचे, “हो हो, देतो,” आणि हसतमुखानं फोन तिच्या हातात द्यायचे. काम तर तिचंच होतं. कितीदा वाद घालणार? दार उघडलं की बायका म्हणायच्या, “लंकाताईंनी सांगितलं होतं, आज या.” स्नेहल म्हणायची, “या, बसा.”

तेजलची मागची खोली आता कामाची खोली झाली होती. दक्षिणेची मोठी खिडकी, खाली सतरंजी, भिंतीशी साड्यांची चळत. एके दुपारी ती स्वयंपाकघरात भांडी लावत होती. सर वाचनालयात गेले होते. घर निवांत होतं. आणि मागच्या खोलीतून आवाज आला, टक्क. बारीकसा. थोड्या वेळानं पुन्हा, टक्क.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता, आणि तो ऐकून किती वर्षं झाली हेच तिला आधी आठवलं. दातानं धागा तोडल्याचा तो आवाज. लहानपणी ती तसाच तोडायची. आई ओरडायची, दात झिजतील. लग्नानंतर सासूबाईंनी कात्री दिली, तेव्हापासून तिनं धाग्याला दात लावला नव्हता.

ती पळत गेली नाही. हातातली वाटी जागेवर ठेवली, हात पुसले, मग गेली. खोलीत कुणी नव्हतं. सतरंजीवर हर्षाली मॅडमच्या आईची अंजिरी पैठणी पसरलेली होती. तिचं काम निम्मं राहिलं होतं, ते पुरं झालेलं होतं. तिनं साडी उलटी करून पाहिली. साडीच्याच आतल्या टोकातून धागा काढून एक वर एक खाली विणलेला, फार बारीक, फार सुंदर. पण तिचा टाका उजवीकडून डावीकडे जायचा. हा डावीकडून उजवीकडे गेला होता.

‘यावेळचं काम तर पूर्वीपेक्षाही नाजूक,’ हर्षाली मॅडमनी नंतर लिहून पाठवलं. ‘हात बदललात की काय!’

६

आणि मग कुसामावशीचा फोन आला. कुसामावशी म्हणजे माहेरची शेजारीण. स्नेहल तिच्या अंगाखांद्यावर वाढली होती. म्हातारी ऐंशीच्या घरात होती, पण आवाज अजून शेतातून हाक मारल्यासारखा.

“लंके, कार्ड लय झ्याक हाय बरं का! नातीकून वाचून घेतलं. माहेराचं नाव काढलंस पोरी.”

“मावशी, तुला कुणी दिलं कार्ड?”

“आता गं! तूच दिलंस ना? निफाडच्या बाजारात. मी भाजी घेत व्हते, तर मागून पदर वढलास. मी म्हनलं, ही कोन बया? पाहते तर तू. काय रूप राखलंस पोरी! जशीच्या तशी. आमची हाडं निघाली पार, आन् तू तशीच.”

स्नेहल निफाडला दिवाळीनंतर गेलीच नव्हती. तिनं फोन कानाशी घट्ट धरला. “मावशी, मी काय बोलले तुझ्याशी?”

“काय बोलनार? कार्ड दिलं आन् म्हनलीस, मावशे, नावं ठेव. मी म्हनलं, नावं ठेवायला जागाच नाय गं बाई, समदं चांगलं हाय.” म्हातारी खळखळून हसली. “नातीची साडी घिऊन येते सोमवारी. तिचं लगीन हाय.”

स्नेहलनं फोन ठेवला. तिला पहिल्यांदाच स्पष्ट भीती वाटली. भुताखेताची नव्हे, तिचा त्यावर विश्वास नव्हता. तिला भीती वाटली ती नाव जाण्याची. पैसा गेला, घर गेलं तर माणूस पुन्हा उभं करतो. पण तांदळात लिहून मिळालेलं ते सोन्यासारखं नाव, जे तिनं इतकी वर्षं सुखानं अंगावर वागवलं, ते हळूहळू कुणीतरी मागं सारत होतं. आणि सगळे जण हसतमुखानं त्याला ‘छान’ म्हणत होते.

७

तिनं सरांना विचारलं नाही, तेजलला विचारलं नाही. सरळ महेशला फोन लावला. छापखान्यात यंत्राचा धडधडाट चालू होता.

“महेशभाऊ, बोरस्ते बोलतेय. सरांनी माझी कार्डं छापून नेली होती. ती सगळी नव्यानं छापायचीत.”

“काय चुकलं का मॅडम? सरांनी स्वतः तपासली होती.”

“चुकलं नाही. पण त्याच्यावर दोन नावं आहेत ना?”

“आहेत की. एक ठळक, एक फिकं.”

म्हणजे त्यालाही दिसत होतं. आता सांगायचं होतं की लंका काढा. पण तो शब्द जिभेवर आणायला ती तयार नव्हती. लहानपणी थोरली माणसं सांगायची, उगाच कुणाचं नाव घेऊ नये, घेतलं की माणूस दारात उभं राहतं. तिनं ते कधी खरं मानलं नव्हतं. तरी नाव घेतलं नाही. बायका माहेरच्या नावाला जे म्हणतात, तेच ती म्हणाली.

“त्यातलं आधीचं काढून टाका.”

“आधीचं?” महेश यंत्राच्या आवाजावरून ओरडला. “नक्की?”

“नक्की. आणि जे राहील ते चांगलं ठळक करा.”

“करतो मॅडम. माझंही तेच मत होतं. एका कार्डावर एकच नाव शोभतं.”

फोन ठेवला आणि तिला एकदम भूक लागली. तिनं स्वतःसाठी गरम पोहे केले, वर शेव पेरली आणि गॅलरीत बसून निवांत खाल्ले. त्या दोन-तीन दिवसांत मागच्या खोलीतून एकही आवाज आला नाही. सर पेपर वाचता वाचता तिला कोडं विचारायचे, ती उत्तरं द्यायची. चैताली संध्याकाळी येऊन गप्पा मारून गेली. घर भरल्यासारखं वाटत होतं. मोडलेलं काही वेळेवर शिवलं की बाईला जे समाधान मिळतं, तेच समाधान होतं ते.

८

सोमवारी सकाळी महेशच्या माणसानं खोकं आणून दिलं. सर दारातच उभे होते. त्यांनीच खोकं फोडलं, एक कार्ड काढलं, वाचलं, आणि मान डोलावली. “वा! आता कसं सुटसुटीत झालं.”

स्नेहलनं हात पुढं केला. त्यांनी कार्ड तिला दिलं आणि पेपर घेऊन खुर्चीत बसले.

सायीच्या रंगाचं कार्ड. कडेला जांभळी पट्टी. तळाशी रफू, नंबर, पत्ता. आणि वर काहीच नाही. जिथं ‘स्नेहल सोमनाथ बोरस्ते’ होतं तिथं कोरा कागद. मध्येही कोरा कागद. तिनं दुसरं कार्ड काढलं, तिसरं काढलं, खोक्याच्या तळातलं काढलं. सगळी तशीच.

मग तिला कळलं. महेशला माहेर-सासर काय ठाऊक? त्याच्या पुढ्यात कार्ड होतं. कार्डावर जे आधी येतं, ते आधीचं. त्यानं वरचं काढलं होतं आणि खालचं ठळक केलं होतं. तिनं सांगितलं तसंच.

दाराची बेल वाजली. कुसामावशी उभी होती, काखेत साडीची पिशवी, धापा टाकत. स्नेहलला रडूच फुटायला आलं. हिनं आपल्याला कडेवर खेळवलंय, ही तरी ओळखेल. “मावशी!” म्हणून ती वाकली आणि पाया पडली.

म्हातारीनं डोक्यावर हात ठेवला, परक्या सुनेला द्यावा तसा आशीर्वाद दिला आणि तोंडाकडे निरखून पाहिलं.

“सुखी ऱ्हा बाई. वळखलं नाय तुम्हाला. लंकीची जाऊ का तुम्ही? लंकी हाय ना घरात?”

“मावशी, अगं मीच,” स्नेहल म्हणाली, “मी...” आणि पुढचं नाव आलं नाही. जिभेच्या टोकावर होतं, येत नव्हतं. तिनं वळून सरांकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं, त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं.

सर पेपर बाजूला ठेवून लगबगीनं उठले. “या मावशी, बसा बसा. आतच आहे ती, कामात आहे.” मग ते स्नेहलकडे वळले आणि अगदी आदरानं, घरी आलेल्या कुणा बाईंशी बोलावं तसे बोलले, “अहो, जरा आत हाक मारता का तिला?”

इतक्या वर्षांत त्यांनी तिला ‘अगं’शिवाय कधी काही म्हटलं नव्हतं.

ती मागच्या खोलीकडे गेली. पाय आपोआप गेले. दार अर्धं लोटलेलं होतं. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि त्या उन्हात, दाराकडे पाठ करून, सतरंजीवर कुणीतरी बसलं होतं. पाठीवर जाड वेणी होती, तिच्यात एकही पांढरा केस नव्हता. मांडीवर पैठणी होती आणि डावा हात वर येत होता, खाली जात होता, संथपणे, कसलीही घाई नसलेल्या माणसासारखा. हात वर आला की कोपर दिसायचं. कोपराला नवरीची हळद लागलेली होती, अजून ओली.

स्नेहल उंबऱ्याशी थांबली. आत जावंसं वाटलं नाही, मागं फिरावंसंही वाटलं नाही. बाहेर पाहुणी खोळंबली होती, आणि पाहुण्यांना खोळंबून ठेवायची या घराची रीत नव्हती. हाक तर मारायलाच हवी होती. तिच्या तोंडात एकच नाव होतं, तेवढंच शिल्लक होतं.

“लंका,” तिनं हळूच हाक मारली.

डावा हात थांबला. डोकं खाली झुकलं, धागा टक्क तुटला.

“ओ, आले!” आतून आवाज आला, मोकळा, आनंदी, गावाकडचा. साडीची घडी घातल्याची सळसळ झाली, बांगड्या वाजल्या, कुणीतरी उठून दाराकडे यायला लागलं. वाट द्यायला स्नेहल बाजूला झाली.